टांगणीला लागलेला जीव
शॉर्टफिल्मची संहिता वाचली. पहिल्याच पानावर ढॅणढॅण संगीत. छे! ताण वाढवण्याचं दिग्दर्शक हिचकॉकचं गणित साधं होतं: टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, मग पात्रांना निवांत गप्पा मारू द्या. ‘फँड्री’त (२०१३) नागराज मंजुळेंनी तर बॉम्बही ठेवला नाही. डुकराच्या मागे सगळं घर धावतंय, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागीच थिजतात. डुक्कर मात्र मोकळं! हसू येतं नि जीवही टांगणीला लागतो.

संध्याकाळी क्रांती चौकात, उड्डाणपुलाजवळ मोबाइलवर एक शॉट घेऊन पाहिला. कडेला आमचीच बॅग, पुढून सरकणाऱ्या रिक्षा. रिक्षा आडवी आली की बॅग गायब. हटली की पुन्हा तिथेच. कट एकही नाही. संगीत कशाला, हॉर्न पुरेत. आता हे दिग्दर्शकाच्या गळी उतरवायचंय.