राहून गेलेले उत्तर

आमच्या कामणच्या घरात माडीवर एक पत्र्याची ट्रंक आहे. दापोलीला शिकायला गेलो तेव्हा बाबांनी वसईच्या बाजारातून ती घेऊन दिली होती. तिच्यात आता माझ्या पदवीचा कागद, आईच्या लग्नातली जरीची चोळी आणि बाबांची अकरा पत्रे आहेत. त्यांतल्या दहा पत्रांना मी उत्तर दिले. अकराव्याला दिले नाही. ते लिहायला तेव्हा फार तर दहा मिनिटे लागली असती.

साल 1988. मी दापोलीच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा चौथी शिकलेले, अक्षर मोठे आणि तिरके, इनलँडच्या तिन्ही घड्या भरून लिहायचे. पत्राची सुरुवात 'चि. यांस अनेक आशीर्वाद' अशी व्हायची आणि पुढे लगेच शेती. पाऊस किती झाला, आवण कसे उतरले, कोणाची लावणी आटोपली, पांढऱ्या बैलाच्या खांद्याची जखम भरली की नाही. माझ्या तब्येतीची चौकशी शेवटच्या ओळीत, तीही जागा उरली तर.

नवरात्रात आलेल्या त्या पत्रात त्यांनी विचारले होते, "खालच्या खाचरात भात मधेच गोल गोल वाळत चालले आहे. वरून पाणी भरपूर आहे, तरी वाळते. ताटाच्या बुडाला बारीक किडे दिसतात. तू शिकतोस, तर काय मारावे ते कळव."

वाचकांपैकी जे भात लावतात त्यांना एव्हाना कळलेच असेल. ते तुडतुडे होते, तपकिरी तुडतुडे. गंमत अशी (गंमत कसली म्हणायची!) की त्याच पंधरवड्यात वर्गात आम्हाला तेच शिकवले होते. कीड पानावर नाही, चुडाच्या बुंध्याशी बसते. रस शोषते, म्हणून खाचरात पाणी असूनही भात करपल्यासारखे होते आणि त्याचे गोल पडतात. खाचरातले पाणी काढून टाका, दाट भाताच्या ओळी हाताने बाजूला सारून वारा-ऊन आत जाऊ द्या, औषध वरून न शिंपडता बुंध्यावर पडेल असे मारा, आणि पुढच्या सालापासून युरियाचा हात आखडता घ्या. एवढेच लिहायचे होते. पण परीक्षा तोंडावर आली होती. मनात म्हटले, दिवाळीला घरी जायचेच आहे, समोरासमोर सांगू. आणि खरे सांगायचे तर थोडा कंटाळाही होता. उत्तराऐवजी एक कार्ड टाकले, त्यात परीक्षेच्या तारखा तेवढ्या कळवल्या.

त्या तारखांनीच पुढचे सगळे घडवले.

शेवटचा पेपर देऊन वसतिगृहात आलो तर तार आली होती. 'बाबा गंभीर, ताबडतोब निघ.' तार 2013 साली बंद झाली, आजच्या पोरांना ती ठाऊक नाही. पण त्या काळी खेड्यापाड्यात सगळ्यांना माहीत असे की तारेतल्या 'गंभीर'चा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. तरी मन मानत नाही. रात्रीची एसटी पकडली, पहाटे मुंबई, तिथून लोकलने वसई, मग कामणची गाडी. वाटभर मी हिशोब करत होतो की कोणत्या डॉक्टरकडे ठेवले असेल, पैसे कोणी दिले असतील.

घराच्या वळणावर आलो आणि ओटीवर धाकटा भाऊ बसलेला दिसला. नववीत होता तो. त्याचे डोके भादरलेले होते. शेजारी काका, त्यांचेही तसेच. मला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

बाबा जाऊन त्या दिवशी सातवा दिवस होता. खळ्यावर भारा टाकला, छाती धरून खाली बसले, टेम्पोत घालून वसईकडे निघाले तर वाटेतच गेले. माझे चार पेपर तेव्हा बाकी होते. अग्नी धाकट्याने दिला. थोरला मुलगा दापोलीत वनस्पतिशास्त्राची उत्तरपत्रिका लिहीत होता.

"मला कळवलं का नाही?" मी काकांवर ओरडलो. सगळ्या भावकीसमोर ओरडलो. त्यांनी मान खाली घातली. आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "मी सांगितलं त्यांना तसं. तुझं वर्ष गेलं असतं. त्यांनी मला तीनदा बोलून दाखवलं होतं, पोराचं वर्ष वाया जाता कामा नये."

आता आईवर रागावायचे कसे? कपाळ मोकळे झालेल्या त्या बाईकडे मला बघवत नव्हते. मग तो राग मी काकांवरच ठेवला. चांगली चार-पाच वर्षे ठेवला. त्यांनी तो मुकाट्याने घेतला, आणि त्या चार-पाच वर्षांत आमची नांगरणी-लावणी त्यांनीच केली.

दिवाळी तोंडावर होती. आमच्या घराला कंदील नव्हता. आमचे उभे भात गावातल्या लोकांनी आळीपाळीने येऊन कापले होते. मजुरी कोणी घेतली नाही, चहासुद्धा सुतकाच्या घरचा नको म्हणाले. मी खालच्या खाचराकडे गेलो. तिथले भात कापून नेले होते, पण गोल गोल तपकिरी चकत्या तशाच उभ्या होत्या. त्यात कापण्यासारखे काही नव्हतेच. चार-पाच मण भात गेले असेल. त्याने घर बुडाले नाही. बाबा तुडतुड्यांमुळे गेले असेही नाही. हे मला तेव्हाही कळत होते. पण त्या बांधावर बसून मी जितका रडलो तितका घरी रडलो नाही.

कॉलेज सोडायचे मी ठरवून टाकले होते. आईने ऐकले नाही. ई.बी.सी.ची सवलत होती, म्हणून फीचा प्रश्न नव्हता. मेसचे बिल होते. तिने पांढरा बैल विकला. एका बैलावर शेती होत नाही, म्हणून पुढच्या सालापासून काकांचा बैल नि आमचा बैल अशी जोडी झाली.

परत गेल्यावरचे दिवस कसे काढले ते नीट आठवत नाही. दुःख सारखे रडवते असे लोकांना वाटते. माझे तसे नव्हते. दिवसदिवस काहीच वाटायचे नाही, जेवण व्हायचे, पत्ते खेळायचो, हसायचोही. आणि मग पोस्टमन वसतिगृहाच्या फाटकातून आत येताना दिसला की पोटात खड्डा पडायचा. मोठे तिरके अक्षर आता येणार नाही हे दर वेळी नव्याने कळायचे. कीटकशास्त्राच्या तासाला भातावरच्या किडी पुन्हा निघाल्या तेव्हा मी उठून बाहेर गेलो. त्या सहामाहीत एका विषयात नापास झालो. ज्या वर्षासाठी आईने तार अडवली होती त्याच वर्षाचे हे! तिला ते मी पुढे कितीतरी दिवस सांगितले नव्हते.

मला तारले ते दोघांनी. खोलीतला जोडीदार सावंतवाडीकडचा होता, मितभाषी. त्याने कधी 'धीर धर' म्हटले नाही. दर रविवारी सकाळी तो म्हणायचा, "चल." आम्ही हर्णैला जायचो, बंदरावर मासळीचा लिलाव बघायचो, वाळूत बसायचो आणि परत यायचो. दुसरे आमचे एक सर. त्यांनी बोलावून घेतले आणि सांगितले, "भाताच्या प्लॉटवर रोज सकाळी सहाला जायचं, फुटवे मोजायचे, वहीत लिहायचे. एक दिवस चुकता कामा नये." उन्हाळी भात होते. मला वाटले, ही कसली शिक्षा! पण सहाला उठायचे म्हणून रात्री झोपावे लागले, आणि फुटवे मोजताना चूक होऊ नये म्हणून डोक्यातले बाकीचे थांबवावे लागले. तीन महिन्यांची ती वही सरांनी ठेवून घेतली. तिचा त्यांना काही उपयोग होता असे मला वाटत नाही.

याच दापोली तालुक्यात पालगड आहे, साने गुरुजींचे गाव. 1917 साली त्यांची आई गेली तेव्हा ते पुण्याला शिकत होते. आईची शेवटची भेट झाली नाही. पुढे सोळा वर्षांनी, 1933 साली, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. पुस्तक शाळेत असताना वाचले होते, तेव्हा सगळ्यांबरोबर रडलोही होतो. त्या वर्षी पालगडला एकदा मुद्दाम जाऊन आलो. तिथे काही विशेष केले नाही. नुसता रस्त्याने हिंडलो. मनात हेच की सोळा वर्षे हा माणूस ते आत घेऊन फिरला.

आणि गांधीजींचे तर अगदी माझ्यासारखेच. ते विलायतेत बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असताना आई पुतळीबाई वारल्या. परक्या देशात धक्का बसू नये म्हणून थोरल्या भावाने ती बातमी दाबून ठेवली. 1891 साली बोटीतून मुंबईला उतरल्यावर सांगितली. भावावर ते रागावले असे त्यांनी आत्मचरित्रात कुठे लिहिलेले नाही. दुःख आत गिळून आपण नेहमीच्या कामाला लागलो असे मात्र लिहिले आहे. मोठ्यांचे मोठे. मी काकांशी धड बोलायला लागलो ते नोकरी लागल्यावर, पहिल्या पगाराचे धोतर घेऊन गेलो तेव्हा. त्यांनी धोतर घेतले आणि विचारले, "यंदा खालच्या खाचरात काय लावू?" एवढेच.

विस्तार अधिकारी म्हणून इतकी वर्षे गावोगाव फिरलो. आमचा जिल्हा तेव्हा ठाणे होता, 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर झाला. कामणच्या रस्त्याला गाळे आणि गोदामे झाली, भाताची खाचरे आक्रसली. पण घरातला कर्ता माणूस जातो आणि पोर कॉलेजात असते, हे काही बदलले नाही. गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर असेच झाले. आवण काढताना बापाला साप चावला. मुलगा बाहेरगावी शिकायला. मी पोचलो तेव्हा भावकीत तीच चर्चा चालली होती. परीक्षा आहे, आत्ता कळवायचे की दोन दिवसांनी? मला राहवले नाही. म्हटले, "आत्ता. त्याला कोणीतरी जाऊन घेऊन या, फोनवर नुसतं सांगू नका." तसेही आता लपवणार कसे, कोणाच्या तरी मोबाईलवरून फोटो गेलाच असता. मुलाच्या मामाने गाडी काढली. पोर वेळेवर आले.

अशा घरी लोक भेटायला जातात आणि नुसते बसून येतात. बसावेच. पण कागदही बघावेत. साप चावून, वीज पडून, पाण्यात बुडून, रस्त्यावरच्या अपघातात शेतकरी किंवा त्याच्या घरातला माणूस गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला 2 लाख रुपये मिळतात. वयाची अट 10 ते 75. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत द्यावा लागतो, आणि पंचनामा व शवविच्छेदनाचा कागद नसला की सगळे अडते. दुःखात 'चिरफाड नको' म्हणून घाईने अग्नी देतात आणि मग वर्षभर खेपा घालतात. सातबाऱ्यावर वारसाची नोंद तीन महिन्यांत करायला द्यावी, आणि तीत आईचे व बहिणींचे नाव घालावे. आमच्या घरी तलाठ्याकडे काकांनीच जाऊन आईचे नाव आधी घातले होते. हे मला फार उशिरा, सातबारा हातात घेतल्यावर कळले. अल्पभूधारकांच्या मुलांना वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, कॉलेजात विचारावे. बैल विकायच्या आधी विचारावे. आणि पोर गप्प गप्प राहू लागले, जेवेना-झोपेना, तर 14416 या नंबरावर फुकट बोलता येते. मराठीतून बोलता येते. आमच्या वेळी तो नव्हता, हर्णैची वाळू होती.

त्या पाड्यावरच्या मुलाने वर्ष सोडले नाही. काही दिवस काकाकडे शेत सोपवून गेला. नवरात्राच्या सुमाराला सुट्टीला आलेला असताना सकाळी सात वाजता त्याचा फोन आला, "साहेब, भात मधेच गोल वाळतंय."

आई चहा गाळत होती. ऐंशीच्या पुढची आहे ती, कानाने कमी ऐकते. "कोणाचा रे?" म्हणाली. मी म्हटले, "येतो जाऊन." चहा तसाच ठेवून मी गाडीला किक मारली. अर्ध्या तासात आम्ही दोघे त्याच्या खाचरात उतरलो होतो, चुडाचे बुंधे हाताने बाजूला करून बघत.