शेरू का गुरगुरत होता

आमच्या जळकोटात (लातूर जिल्ह्यातलं नव्हे, नळदुर्ग ओलांडून उमरग्याकडे जाताना हमरस्त्यावर लागतं ते) मुसलमानाने कुत्रा पाळला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "घरात फरिश्ते कसे येतील?" आणि दुसरा, "चावत नाही ना?"

पहिल्या प्रश्नावर आलिमांनी शेकडो वर्षं चर्चा केली आहे. शेत, गुरं आणि शिकार यांसाठी कुत्रा पाळायची मुभा हदीसमध्येच आहे. हनफी मसलकात त्याची लाळ नापाक, मालिकी मसलकात कुत्रा पाक. सूरह कहफमध्ये तर गुहेतल्या नेक तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे. आमचा शेरू शेतातल्या गोठ्याजवळ राहतो, त्याचं जर्मनचं ताट वेगळं आहे. घरात यावरून वाद नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र आपलं फारसं लक्ष नसतं. तो गेल्या वर्षी आमच्यासमोर उभा राहिला.

शेरू आठ वर्षांचा. माझ्या भाच्याने डोक्यावरून हात फिरवला की डोळे मिटणारा. तोच एके दिवशी भाच्यावर गुरगुरला. भाकरीजवळ यायचा, वास घ्यायचा आणि मान फिरवायचा. दिवसभर बैलगाडीखाली अंधारात बसून राहायचा. दोन दिवसांत शेजारच्या शेतातले लोक काठ्या घेऊन आले. "पिसाळलाय. आजच निकाल लावा."

त्यांची भीती खुळी नव्हती. रेबीजची सुरुवात अशीच होऊ शकते. माणसाळलेला कुत्रा अंगावर येतो किंवा उलट गप्प होऊन कोपरा धरतो. पुढे आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, चाल लटपटते. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. पिसाळलेला कुत्रा पाणी पिऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. माणसात एकदा लक्षणं दिसली की वाचणं जवळपास अशक्य. लस मात्र लुई पाश्चरने १८८५ सालीच माणसाला देऊन दाखवली आहे.

अब्बांनी काठीवाल्यांना चहा पाजला आणि शेरूला साखळीने दूर बांधलं. मुलांना तिकडे फिरकू दिलं नाही, कुणाला त्याच्या तोंडात हात घालू दिला नाही. मग जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. दादी लांबूनच म्हणाली, "बेजुबान हय बाबा, क्या तो बी दुखता होयेंगा."

डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. दरवर्षीची लस झाली का? अलीकडे दुसरं कुत्रं चावलं का? भुंकणं बदललं का? लसीचं कार्ड अब्बांनी जपून ठेवलं होतं, अंगावर चाव्याची खूण नव्हती, चाल ठीक होती. मग तोंड बांधून, भूल देऊन तपासलं. मागची दाढ तडकली होती, मुळाशी पू झाला होता. हाडं फोडणाऱ्या कुत्र्यांना हे होतं. दाढ काढली, औषधं दिली, आणि तरीही दहा दिवस बांधून लक्ष ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी शेरूने दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली.

वागणं एकाएकी बदललं की आधी शरीराकडे बघावं, असं डॉक्टर सांगून गेले. कान दुखत असेल तर डोक्याला हात लावू देत नाही. गोचिडांमुळे ताप आला तर मलूल पडतो. म्हातारपणी दिसेनासं, ऐकू येईनासं होतं, मग झोपेत कुणी हात लावला तर दचकून चावतो. शरीर ठीक असेल तर घराकडे बघावं. फटाके, घरात आलेलं नवं बाळ, रोज भाकरी घालणारं माणूस परगावी जाणं, या सगळ्याचा त्याच्यावर परिणाम होतो.

आणखी एक गोष्ट. गुरगुरणं हा इशारा असतो. त्यासाठी मारलं तर कुत्रा इशारा द्यायचं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो.

चावलाच, किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं. कुत्र्याचं काय होतं ते बघत थांबू नये.

तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात विहिरीचं पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना सांगतो. अल्लाहने त्याला माफ केलं, इथे गोष्ट संपवतो. पण पाणी काढण्याआधी त्या माणसाने एक काम केलं होतं. ओली माती चाटणाऱ्या त्या कुत्र्याकडे बघून त्याने ओळखलं, की थोड्या वेळापूर्वी आपल्याला लागली होती तशीच तहान यालाही लागली आहे. मुलांना गोष्ट सांगताना हा भागही सांगायला हवा.