सहीची जागा

पाली, ता. जि. बीड
मार्गशीर्ष

चि. सौ. बाईस,


रविवारी फोनवर तू एवढंच विचारलंस, ‘अण्णा, हक्कसोडपत्राची सही पुण्यातून चालते, का बीडलाच यावं लागतं?’ प्रश्न एका ओळीचा. सही कुठं करायची ते कचेरीत विचारून घेता येईल, बाकी उत्तर एवढंच. कागद रजिस्टर करावा लागतो, त्याशिवाय त्याला किंमत नाही. पाचशेचा स्टॅम्प, दोन साक्षीदार, आधार कार्ड, यंत्रावर अंगठा आणि फोटो. झालं. पत्र इथंच संपायला हवं. पण त्यापुढं तू जे बोललीस, ‘मला काय करायचंय त्या रानाचं, बापूलाच राहू द्या,’ ते स्पीकरवर होतं. बापू मान खाली घालून भाकरी चुरत बसला. सूनबाईनं न विचारता दुसऱ्यांदा चहा टाकला. आणि तुझा बाप रात्री अडीचपर्यंत जागा.

तुला हसू येईल, पण तुझ्या बापाला कागदावर ‘मी’ लिहिता येत नाही. चाळीस वर्षं तहसीलसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले. ‘अर्जदार सदर गावची रहिवासी असून...’ हाताला तेच वळण. तेव्हा इथंही अर्जदारच बोलेल. दूध उतू चाललंय म्हणून पत्र मध्येच खाली ठेवू नकोस. ती खोड तुझ्या आईची.

तुझे आजोबा १९८३ च्या उन्हाळ्यात गेले. वारसांचे जबाब तलाठ्यापुढं व्हायचे होते. अर्जदाराचं अक्षर बरं, म्हणून तुझ्या आत्याचा जबाब त्यानंच लिहिला. शाईचा पॅड वाळला होता, त्यावर तांब्यातलं थोडं पाणी शिंपडलं. कापूस वेचून वेचून तिच्या अंगठ्याला चिरा पडलेल्या, ठसा उठेना. दोनदा घ्यावा लागला. तिनं विचारलं, ‘काय लिवलंस रे दादा?’ अर्जदार म्हणाला, ‘काही नाही, नाव लावायचंय.’ कुणाचं, ते सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. अंगठा केसांना पुसला, खण-नारळ पदरात घेतला आणि दुपारच्या गाडीनं सासरी गेली. जबाबात होतं, साडीचोळी मिळाली, हक्क स्वखुशीनं सोडला. ‘स्वखुशीनं’ हा शब्द अर्जदाराच्या मनाचा. तिनं तो उच्चारलाही नव्हता.

नवरा गेल्यावर तिनं पोराच्या जोडीनं बारा हंगाम ऊस तोडला. एकदाच आली होती, पाटाच्या कडेचे दोन गुंठे मागायला, खोली बांधायची म्हणून. अर्जदार म्हणाला, ‘बघू.’ त्यानंतर ती फार जगली नाही.

हे तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

आता कायदा. तुझा पिंड नाही त्याचा, पण ऐक. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला तेव्हा बापाच्या वाट्यात लेकीला वाटा मिळाला. वडिलोपार्जित रानात जन्मानं मिळणारा हक्क मात्र पोरांपुरताच राहिला. त्याच्या आधी हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं होतं. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून लेकींनाही जन्महक्क दिला, पण तोवर लग्न न झालेल्यांनाच. जिची अक्षता २१ जूनला पडली, ती बाहेर! ही भिंत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं पाडली. त्यावर पुन्हा पंधरा वर्षं वाद, की त्या दिवशी बाप हयात पाहिजे का नको. कोरोनात, ११ ऑगस्ट २०२० ला, सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हक्क जन्मानं येतो, बापाच्या हयातीशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या शाबूत. आपली वाटणी झालेलीच नाही. म्हणजे बापूइतकीच तूही, आज, अर्जदाराच्या डोळ्यांदेखत, त्या रानाची धनीण आहेस.

आणि कायदा असा एकेक पायरी चढत असताना लिंबाखाली काय चाललं होतं? हक्कसोडपत्रं वाढत होती. पूर्वी तलाठ्यापुढचा अंगठा भागवून न्यायचा. आता बहिणींना जीपमध्ये घालून रजिस्ट्री कचेरीत आणायचं, वाटेत भेळ-भजी, परतताना दोन हजारांची साडी. एका मागच्या सीटवरच्या बाईनं अर्जदाराला हळूच विचारलं होतं, ‘माझ्या वाटणीला किती येतंय, तेवढं सांगता का?’ भाऊ पुढं चहा सांगत होता. अर्जदारानं खाली मान घालून गट नंबर लिहिला.

बायकांना कळत नाही म्हणून त्या सही करतात, हे खोटं. त्यांना सगळं कळतं. माहेर तुटेल म्हणून करतात. पंचमीला कुणी न्यायला येणार नाही, लेकराच्या लग्नात मामा रुसून बसेल. तुझ्याही पोटात तेच आहे. ‘मला काय करायचंय’ हे वरवरचं. मग आपल्याच पालीत डोळे उघडून बघ. दत्ता आणि संध्या बारगजेंच्या इन्फंट इंडियात, त्या आनंदग्रामात, एचआयव्हीसह जगणारी निराधार लेकरं वाढतात. रक्ताचं नातं नाही, सातबारा नाही, तरी तिथल्या पोरींना माहेर आहे. कागदावाचून जे जुळतं, ते कागदावर तुझं नाव चढल्यानं तुटावं? मग ते माहेर होतं का भाड्याची खोली?

आवाज चढला. राहू दे.

आत्ता वस्तीवर जाशील तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतरच कारखान्याला गेल्या, म्हातारी आणि शाळेतली पोरं मागं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, खाडा मात्र दोघांना मिळून पडतो. अर्धा कोयता बाईचा, पण कागदावर ती कुठंच नसते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी करवली. ८२,३०९ बायकांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. ऑपरेशनआधी संमतीपत्र असतंच. ते किती जणींना कुणी वाचून दाखवलं असेल? अर्जदाराला आकड्यापेक्षा तेच छळतं.

आणि लेकी मुळात जन्माला येतात किती? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ८९४. हुंडा हे कारण आहेच, पण जमिनीला वाटेकरी नको हेही आहे. पारावर हे कुणी मोठ्यानं बोलत नाही, एवढंच.

तू काही अंगठेबहाद्दर नाहीस, बी.कॉम. आहेस. तरी न वाचता सही करणं ही तुझी जुनी खोड. पतसंस्थेच्या त्या जामीनकीचं पुन्हा काढत नाही. काढलंच आता. तेव्हाही म्हणाली होतीस, ‘मैत्रीण आहे, वाचायचं काय त्यात?’ जावईबापूंनी दीड वर्ष हप्ते फेडले, एका शब्दानं बोलले नाहीत, हे त्यांचं मोठं मन. दहावीचा फॉर्म भरताना तुला पूर्ण नाव तीनदा लिहायला लावलं म्हणून रडली होतीस, आठवतं का? अर्जदाराच्या चाळीस वर्षांच्या शिदोरीत तुला द्यायला तेवढंच होतं, आणि तेही नीट उतरलेलं दिसत नाही.

अर्जदारही धुतल्या तांदळासारखा नाही. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, रान बायकोच्या नावावर करा म्हणून. १९९२ ला सरकारनंही सोय केली, नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागायचं. अर्जदारानं असे अर्ज गावोगावच्या लोकांना फुकट लिहून दिले. तुझ्या आईचा अर्ज पत्र्याच्या पेटीत आहे, तारखेची जागा मोकळी. परवा तिला दाखवला, तर म्हणाली, ‘आता कशाला, गुडघे चालत नाहीत.’ गुडघ्यांचा आणि सातबाऱ्याचा काय संबंध, ते तिलाच ठाऊक.

बापूवर राग नाही. बोअर त्यानं घेतलं, पाणी लागलं नाही तरी कर्ज त्याच्याच डोक्यावर आहे. त्याच्या तोंडचा घास कुणी काढत नाही. म्हणून अर्जदाराचं मागणं इतकंच, की आधी तुझं नाव लागू दे. उतारा हातात घे, किती एकर किती गुंठे ते बघ, बांधावर एकदा उभी राहा. मग बापूला द्यावंसं वाटलं तर दे, निम्मं दे, सगळं दे. अर्जदार स्वतः कागद लिहील, फी घेणार नाही. तेव्हा ‘स्वखुशीनं’ लिहिताना हात अडणार नाही.

संक्रांतीला ये. ज्वारी हुरड्यात आलेली असेल. बीडला आता रेल्वे आहे, २०२५ च्या १७ सप्टेंबरला सुरू झाली. नगरपर्यंत बसनं येऊन पुढं तीत बसायची हौस असेल तर वेळ आधी विचारून घे. लेकराचा खोकला कसाय? त्याला बिस्किटं कमी दे. आधारसोबत पॅन कार्डही आण, कुठलाही कागद करायचा ठरला तरी हाताशी असलेलं बरं.

आत्याच्या त्या जबाबाची नक्कल गेल्या आठवड्यात रेकॉर्डमधून काढून आणलीय. दोन्ही ठसे अजून ओळखू येतात. तो जबाब तुझ्यासमोर वाचायचा आहे. अर्जदाराच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा तूच वाच.

तुझे,
अण्णा

ता. क. बापूला या पत्राचं काही बोलू नकोस. पोस्टात टाकायला त्यालाच द्यायचंय, पाकीट मात्र डिंक लावून.