लाटेला टिकेल तोच कपडा

ऑक्टोबर उजाडला की सिडनीतल्या मॅन्लीच्या कॉर्सोवरच्या दुकानांत पोहण्याचे कपडे दर्शनी भागात येतात. यंदा जिकडेतिकडे बोहो. क्रोशाने विणलेली जाळीदार टू-पीस, कमरेला गोंडे, मानेमागे बांधायच्या नाड्यांना लाकडी मणी, कापडावर कोयऱ्या आणि ठशांची छपाई. अशाच एकाचा फोटो भाचीने मालवणजवळच्या देवबागहून पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, येताना माका असोच एक घेवन ये."

आणीन की. बॅगेत जागा आहे आणि भाचीने हौसेने काही मागितलं तर मला आनंदच होतो. पण तो फोटो पाहिल्यापासून मनात काहीतरी खुपतंय. फोटोतली मुलगी कोरड्या वाळूत, कोरड्या केसांनी उभी आहे. माझी भाची समुद्रावर उभी राहायला जात नाही. ती पर्यटकांना होडीतून स्नॉर्कलिंगला नेते, काठावरून पाण्यात उडी घेते, कुणाचा मास्क नीट बसवते, दमलेल्याला हाताला धरून शिडीपर्यंत आणते. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिचाही सराव चालू आहे. अशा मुलीचा कपडा फोटोत कसा दिसतो यापेक्षा तासभर खाऱ्या पाण्यात राहून कसा वागतो, याला महत्त्व आहे.

बोहोशी माझं भांडण नाही. रंग सुंदर आहेत, कोयरी तर आपलीच. आपल्या ठशांची छपाई इथे तिप्पट भावाने विकली जाते याचा राग येतो, पण त्यात त्या कपड्याचा दोष नाही. नक्षी कुठे असावी आणि कुठे नसावी, एवढंच मला सांगायचं आहे. नक्षी कापडावर छापलेली असेल तर ती पाण्यात जड होत नाही. कापडाला लटकवलेली असेल तर होते.

हे मला जाळ्यांनी शिकवलं. आमच्या घरी आजोबांच्या काळात सुती जाळी होती. पाण्यातून निघाली की ती दुप्पट जड व्हायची. कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागायची, आणि प्रत्येक वापरानंतर वाळवावी लागायची. ओली गुंडाळून ठेवली की गेलीच. मग नायलॉन आलं आणि जाळं हलकं झालं, पाणी धरेनासं झालं. बाबा नवीन जाळं घेताना आधी एक आस, म्हणजे जाळ्याचा एक डोळा, दोन अंगठ्यांत धरून ताणायचे आणि सोडून द्यायचे. गाठ सरकली की जाळं बाजूला. मग ते उजेडासमोर धरायचे, विरळ जागा दिसते का ते बघायला. शेवटी बोट फिरायचं ते जाळं दोराला जिथे जोडलंय तिथून, कारण ओढ तिथे बसते आणि जाळं मध्ये फारसं फाटत नाही, बहुधा जोडावरच फाटतं.

दुकानात पोहण्याचा कपडा हातात आला की मी याच क्रमाने बघते. सुती क्रोशा म्हणजे आजोबांचं जाळं. पाणी पितो, लोंबतो, वाळत नाही, आणि लाटेत नको तिथून सरकतो. क्रोशाच हवा असेल तर पोहून आल्यावर वरून घालायच्या झग्यात असू दे, तिथे तो शोभतो. पाण्यातला कपडा दोन्ही हातांनी ताणून सोडायचा, झटकन मूळ मापावर आला पाहिजे. मग उजेडासमोर धरून ताणायचा. कोरडा असतानाच आरपार दिसत असेल तर ओला झाल्यावर विचारायलाच नको, म्हणून अस्तर पुढे आणि मागे दोन्हीकडे हवं. त्यानंतर पट्टा जिथे कापडाला जोडलाय तिथे बोट फिरवायचं. तिथे शिवण एकेरी आणि सरळ असेल तर ती ताणली की तुटते. नागमोडी किंवा दुहेरी चपटी शिवण कापडाबरोबर ताणली जाते आणि अंगाला काचतही नाही.

आता कापडाची जात. ताण देणारा धागा म्हणजे इलास्टेन, अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत 1958 साली सापडलेला. लायक्रा हे त्याचंच व्यापारी नाव. नुसत्या इलास्टेनचा कपडा नसतो, तो नायलॉन किंवा पॉलिस्टरबरोबर विणतात. नायलॉन मऊ आणि अंगाला छान बसणारं, पण उन्हात लवकर विटतं. पॉलिस्टर जरा ताठ, पण ऊन जास्त सोसतं. त्यात पीबीटी नावाचं पॉलिस्टरचंच लवचीक भावंड मिसळलेलं असेल तर इलास्टेन कमी लागतो किंवा लागतच नाही, आणि कपडा तलावाच्या क्लोरीनलाही दाद देत नाही. आठवड्यातून एकदा मौजेसाठी पाण्यात जाणारीला नायलॉन पुरे. रोज उन्हात आणि खाऱ्या पाण्यात असणारीने पॉलिस्टर-पीबीटी बघावं. आतल्या बाजूच्या पट्टीवर हे सगळं लिहिलेलं असतं, ती न वाचता पैसे देऊ नयेत.

मापाचं म्हणाल तर दुकानातल्या आरशासमोर नुसतं उभं राहून काही कळत नाही. हात वर करायचे, खाली वाकायचं, उकिडवं बसायचं, पोहताना फिरवतो तसे खांदे फिरवायचे. काही सरकलं, काचलं, वर चढलं तर तो कपडा आपला नाही. पाण्यात कापड थोडं सैल होतं, म्हणून कोरडा असताना घट्ट वाटावा, मात्र श्वास अडता कामा नये. एकसंध सूट घेताना छाती-कंबर मोजून भागत नाही. खांद्यावरून टेप पुढे खाली, दोन पायांमधून, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर, असा पूर्ण वेढा मोजावा. खांद्यावर पट्टे रुततात ते बहुतेक या एका मापामुळे. नाड्या आणि गाठींचे सूट कुठल्याही अंगाला जुळवून घेतात हे खरं, पण उडी मारल्यावर गाठ सुटते आणि लोंबती नाडी शिडीत अडकते. पाठीवर मध्ये जुळणारे रुंद पट्टे सर्वांत भरवशाचे. धातूच्या कड्या उन्हात तापतात आणि खाऱ्या हवेत गंजतात. मणी होडीच्या काठाला लागून फुटतात, आणि खडकावरच्या कालवांना तर गोंडे आयतेच सापडतात.

उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा रॅशी, म्हणजे पाण्यात घालायचा अंगासरशी सदरा, हवाच. ऑस्ट्रेलियात उन्हापासून वाचवणाऱ्या कपड्यांचं प्रमाण 1996 पासून आहे. पट्टीवर यूपीएफ 50 लिहिलं असेल तर त्वचेला घातक किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. ओला पांढरा सुती टी-शर्ट याच्या आसपासही येत नाही, आणि आपल्याकडे बऱ्याच मुली तोच घालून पाण्यात जातात.

घरी आल्यावर पोहण्याचा कपडा लगेच गोड्या पाण्यात बुडवून काढावा. वाळू अस्तरात अडकते आणि आतून कापड घासते, तेलकट सनस्क्रीन इलास्टेन खातं. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावा. सावलीत वाळवावा. आणि दोन असावेत, आलटून पालटून घालायला.

एवढं सगळं एका कपड्याबद्दल कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. कारण बाईने समुद्रात काय घालावं हे ठरवायला सगळं जग पुढे येतं, आणि पोहताना तिला काय सोयीचं आहे हे कुणी विचारत नाही. सिडनीतही तेच झालं. पुरुषांच्या देखत बायकांनी शर्यतीत पोहू नये असा इथल्या बायकांच्याच जलतरण संघटनेचा नियम होता. तो सैल झाला तेव्हा कुठे फॅनी ड्युरॅक आणि मिना वायली 1912 साली स्टॉकहोमला जाऊ शकल्या. बायकांच्या पोहण्याची ती पहिलीच ऑलिम्पिक शर्यत, आणि सोनं-रुपं दोन्ही सिडनीला आलं. 1932 साली लॉस एंजेलिसला क्लेअर डेनिसच्या सूटमधून खांद्याची हाडं जास्त दिसतात म्हणून तक्रार झाली, तरी ती सोनं घेऊन आली. 2004 साली याच शहरात अहेदा झनेट्टीने बुर्किनी शिवली, तिच्याविषयी पुढे तक्रार झाली ती उलटी, अंग झाकलं म्हणून. आपल्याकडे 1938 सालच्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याचा पोशाख घातला, त्याची चर्चा अजून संपलेली नाही.

याच शहरात कूजीला समुद्राकाठी खडकात बांधलेलं मॅकायव्हर्स नावाचं स्नानगृह आहे, फक्त बायका-मुलांसाठी. 1922 पासून बायकांचा एक क्लब ते चालवतो. तिथे बिकिनीतली तरुणी, बुर्किनीतली आई आणि जुना विटका सूट घातलेली आजी एकाच पाण्यात असतात, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता आपला किनारा. खाडीत मुळे, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या आमच्या बायकांना लहानपणापासून बघत आले. लुगडं ढोपराच्या वर घेऊन मागे घट्ट खोचलेलं, पदर कमरेला आवळलेला, लोंबतं काहीच नाही. कमरेइतक्या पाण्यात त्या तासन्‌तास काम करतात. पाण्यासाठी कपडा कसा हवा हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. उलट तारकर्लीला सहलीला आलेल्या बायका ओढणी आणि घोळदार ड्रेससकट लाटेत शिरतात. भिजलेलं कापड पायाला गुंडाळतं, ओढणी गळ्याला लागते, आणि पाय सुटला तर पोहता येणारीलाही सावरता येत नाही. त्यांना हसणाऱ्यांचा मला राग येतो, कारण पोहण्याचा कपडा घातला तर लोक काय म्हणतील या धाकानेच त्या तशा जातात. अंगाला नीट बसणारा, लोंबतं काही नसलेला कपडा हा समुद्रात फॅशनचा विषय राहत नाही, तो जिवाचा विषय होतो. बाह्या आखूड की लांब, पाय उघडे की झाकलेले, ते जिचं तिने ठरवावं.

भाचीसाठी मी पॉलिस्टर-पीबीटीचा, रुंद पट्ट्यांचा एकसंध सूट आणि त्यावर कोयऱ्या छापलेला पूर्ण बाह्यांचा रॅशी घेणार आहे. बोहो हवं होतं ना, कोयऱ्यांत मिळेल. पण पुढच्या वेळी तिने हे सिडनीहून मागवावं असं मला वाटत नाही. सिंधुदुर्गात शिवणाऱ्या बायकांचे बचत गट आहेत, सावंतवाडीला गंजिफा पत्त्यांवरची नक्षी आहे, आणि आपल्या अंगाची मापं आपल्याच शिंपिणींना ठाऊक आहेत. ताणणारं कापड आणि नागमोडी टाका एवढं हाती आलं की आपले पोहण्याचे कपडे आपल्याला शिवता येतील. कुणीतरी सुरुवात करा, पहिली गिऱ्हाईक मी आहे. आणि होमस्टे चालवणाऱ्यांना एक विनंती: अंगणात गोड्या पाण्याचा एक नळ आणि सावलीत एक दोरी बायकांच्या कपड्यांसाठी राखून ठेवा.