उसनी बोटं

टोनी आयोमीची कारखान्यातली ती शेवटची पाळी होती. साल १९६५, गाव बर्मिंगहॅम, वय सतरा. बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं नक्की झालेलं. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायचंच नाही असं ठरवून. पण हातातलं काम पुरं करून ये म्हणून आईने त्याला माघारी धाडलं. त्या दिवशी पत्र्याच्या ज्या प्रेसवर त्याला उभं केलं ते त्याच्या सवयीचं नव्हतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या गळ्यावर तारा दाबायला त्याला हाच हात लागतो.

पुढची गोष्ट मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, तरी सांगतो. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगोचा हात आगीत भाजला होता आणि तो सोलो वाजवायचा ते दोनच बोटांनी. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या करून बोटांवर चढवल्या, पकड यावी म्हणून वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बमपर्यंत गिटार दीड स्वर खाली उतरली होती. तारा सैल, बोटांना आराम आणि आवाज पोटातून यावा तसा. या आवाजाचं श्रेय बोटांना किती आणि माणसाच्या स्वभावाला किती, यावर वाद घालणारे घालोत. आयोमीच्या ब्लॅक सॅबथचा, म्हणजे या संगीताचाच पाया ज्या हाताने घातला गेला त्या हाताची दोन टोकं प्लॅस्टिकची होती, एवढं मला पुरतं.

आणि म्हणूनच ‘ओरिजिनल लाइनअप’वरून सध्या जी भांडणं पेटलेली असतात ती ऐकताना मला थोडी गंमत वाटते. हा बँड आता तो बँड राहिला नाही, हे नुसतं नाव चालवणं आहे, फलाणा भाडोत्री, बिस्ताणा तोतया. पहिली पिढी आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहे. कुणाचे हात थरथरतात, कुणाचा गळा गेला, कुणी देवाघरी. त्यांच्या जागी कुणी वाजवायचं आणि वाजवलं तर त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न आता दर दौऱ्यागणिक उभा राहतो.

५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला. ज्या अ‍ॅस्टन भागात सॅबथची चार पोरं वाढली तिथलंच हे फुटबॉलचं मैदान. मेटॅलिका, स्लेअर, पँटेरा, गोजिरा, मॅस्टोडॉन असे एकेक येऊन आपली हजेरी लावून गेले. गायक ओझी ऑस्बर्न काळ्या सिंहासनावर बसून रंगमंचाखालून वर आला. पार्किन्सन्सचं त्याने २०२०मध्येच जाहीर केलं होतं. उठून उभं राहण्याची त्याची धडपड दिसत होती, ते जमत नव्हतं हेही दिसत होतं. २२ जुलैला तो गेला. त्या सिंहासनावर पुष्कळ लिहून झालं आहे, योग्यच लिहिलं गेलं आहे. माझं लक्ष मात्र मागे, ड्रमवर बसलेल्या बिल वॉर्डवर होतं.

वॉर्ड सॅबथबरोबर वाजवत होता ते वीस वर्षांनी. २०११च्या नोव्हेंबरात चौघांच्या पुनर्मीलनाची घोषणा झाली तेव्हा तो त्यात होता. पुढच्या फेब्रुवारीत त्याने जाहीरपणे सांगितलं की समोर ठेवलेला करार सही करण्याजोगा नाही. पुढे ओझी मुलाखतींतून सांगू लागला की बिलच्या अंगात दोन तासांचा कार्यक्रम वाजवायची ताकद उरलेली नाही. २०१३च्या ‘थर्टीन’ अल्बमवर रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क वाजला, दौऱ्यांवर टॉमी क्लुफेटॉस. तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. सॅबथच्या वाट्याला हे तोवर कधी आलं नव्हतं. क्लुफेटॉस तरुण, ताकदीचा, एक ठोका इकडचा तिकडे होऊ न देणारा. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण वॉर्डचा हात जीन क्रुपासारख्यांचे जॅझचे ड्रम ऐकून तयार झालेला. आयोमीची रिफ डोंगरासारखी एका जागी उभी असते आणि वॉर्ड तिच्याभोवती किंचित रेंगाळत, झुलत फिरतो. ‘फेअरीज वेअर बूट्स’ ऐकून पाहा. तो झोल काढून टाकला की गाणं उरतं. पण पूर्वी ते चालायचं, आता नुसतं पडतं.

व्हिला पार्कवर त्याने चार गाणी वाजवली. दोन तासांची ताकद नव्हतीच, चार गाण्यांची होती. मग हे २०१२मध्ये का सुचलं नाही? दोन ड्रमर नेता आले असते: म्हाताऱ्याने चार गाणी वाजवायची, तरुणाने बाकीची, सगळ्यांच्या देखत. करारात नेमकं काय होतं ते करार करणाऱ्यांना ठाऊक. मला एवढंच दिसतं की पाच वर्षं त्याच्या जागी दुसरा वाजत राहिला, फेब्रुवारी २०१७मध्ये त्याच बर्मिंगहॅमला ‘शेवटचा’ म्हणून कार्यक्रमही उरकला आणि चौथा माणूस घरी बसला.

आपल्याकडे शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत या प्रश्नाचं उत्तर केव्हाच सापडलेलं आहे. सवाई गंधर्वच्या मंडपात थकलेले बुवा बसतात, मागे तंबोऱ्यावर शिष्य. बुवांचा श्वास तोकडा पडला की शिष्य तीच जागा घेऊन पुढे नेतो, तार षड्जाला बुवा नुसता हात वर करतात आणि षड्ज मागून लागतो. यात कुणाला फसवणूक वाटत नाही. शिष्य सगळ्यांना दिसत असतो, त्याला बुवांनीच बसवलेलं असतं आणि श्रोते दोघांचं मिळून एक गाणं ऐकतात. मला वाटतं मेटलमधल्या या साऱ्या वादांना तेवढे दोनच प्रश्न पुरे आहेत. बदली माणूस दिसतोय का? आणि ज्याची जागा आहे त्याने त्याला बसवलंय का?

जुडास प्रीस्टचं उदाहरण या कसाला उतरतं. त्यांचा गिटारवादक ग्लेन टिप्टन याला पार्किन्सन्स असल्याचं २०१८मध्ये जाहीर झालं. निदान दहा वर्षं आधीचं होतं, म्हणजे तो दशकभर तसाच वाजवत राहिला होता. त्यांच्या ‘फायरपॉवर’ अल्बमचा सहनिर्माता अँडी स्नीप त्याच्या जागी दौऱ्यावर उभा राहिला. हात साथ देतील त्या दिवशी टिप्टन शेवटच्या दोनतीन गाण्यांना गिटार घेऊन येतो आणि त्या वेळी मंचावर तीन गिटारी असतात. त्याचा एखादा सूर निसटला तरी मैदान ओरडतंच. २०२२च्या जानेवारीत बँडने अचानक जाहीर केलं की यापुढे स्नीप नाही, एकाच गिटारवादकासह चौघंच वाजवणार. चाहते असे भडकले की आठवड्याच्या आत निर्णय फिरला. कल्पना आपलीच होती, असं गायक रॉब हॅल्फर्डने नंतर सांगून टाकलं. ज्याला काल भाडोत्री म्हणत होते त्याच्यासाठी हे लोक भांडले, हे मला फार आवडलं. प्रीस्टचे चाहते तसे जात्याच समंजस असावेत: हॅल्फर्ड सोडून गेला तेव्हा प्रीस्टचीच गाणी वाजवणाऱ्या एका नकली बँडमधून आणलेल्या टिम ओवेन्सलाही त्यांनी सांभाळून घेतलं होतं. जुना गिटारवादक के. के. डाउनिंग मात्र आजही बाहेर आहे. २०११ साली तो आपणहून गेला, नंतर टिप्टनच्या जागेसाठी आपल्याला विचारलं नाही म्हणून दुखावला. २०२२च्या नोव्हेंबरात हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात एका रात्रीपुरता शेजारी येऊन वाजवून गेला, एवढंच.

‘ओरिजिनल’ म्हणजे तरी कोण? १ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजले. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत जगभर बँड घेऊन निघाला होता, त्या दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम. आम्ही गर्दीत धुळीने माखून उभे होतो आणि ड्रमच्या त्या अवाढव्य पिंजऱ्यामागे निको मॅकब्रेन नीट दिसतसुद्धा नव्हता. आमच्या पिढीसाठी मेडनचा ड्रमर म्हणजे निको, प्रश्नच नाही. कॅसेटवर तोच होता, मैदानात तोच. पण लंडनमध्ये १९८२ साली ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ विकत घेतलेल्या माणसासाठी निको हाच बदली आहे, खरा क्लाइव्ह बर. आपल्या देशात हे बँड नेहमीच उशिरा पोचले, पन्नाशी गाठून, माणसं बदलून. मूळ संच आम्ही पाहिलाच नाही, त्यामुळे मूळ संचासाठी गळा काढणं आम्हाला फारसं जमत नाही. एखाद्याने पहिल्यांदा जे ऐकलं ते त्याचं मूळ.

बरला पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. मेडनने त्याच्या उपचारांसाठी मदतनिधीचे कार्यक्रम केले, त्याच्या नावाने न्यास काढला. २०१३ साली तो गेला. निकोला २०२३च्या जानेवारीत पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. काही महिन्यांत तो पुन्हा दौऱ्यावर होता. वेगवान फिल जमेनात, त्या सोप्या करून वाजवल्या आणि हे चाहत्यांना उघडपणे सांगितलं. डिसेंबर २०२४मध्ये साओ पावलोला त्याने दौऱ्यांचा निरोप घेतला, आता सायमन डॉसन बसतो. कुरकुर झाली, होणारच. डॉसनचा हात निकोइतका भरलेला नाही, हे मीही म्हणेन. पण निकोने स्वतः काठी खाली ठेवली आणि मग दुसऱ्याने उचलली, एवढ्यावर माझी तक्रार संपते.

माझा खरा राग न दिसणाऱ्या शिष्यावर आहे. आधीच ध्वनिमुद्रित केलेले आवाज कार्यक्रमात मिसळायचे, हा प्रकार आता लहान क्लबांपर्यंत पोचला आहे. कोरस, कीबोर्ड, कधी दुसरी गिटार, कधी खुद्द गायकाचा गळा. २०२२ साली फॉलिंग इन रिव्हर्स या अमेरिकन बँडने लॅपटॉप गहाळ झाले म्हणून आख्खा कार्यक्रम रद्द केला, तेव्हा यावर रणकंदन माजलं. मॉटली क्रूच्या मिक मार्सने २०२३मध्ये न्यायालयात जाऊन आपले साथीदार खोटं खोटं वाजवतात असा आरोप केला. साथीदारांनी तो साफ नाकारला. तरुण वादकांचं म्हणणं असं की अल्बमवर दहा थर असतात, मंचावर चौघं असतात, मग बाकीचे थर आणायचे कुठून? आणखी दोन माणसं आणा, नाहीतर सहा थर सोडून द्या. सॅबथने १९७०चा पहिला अल्बम जवळपास एका दिवसात, समोरासमोर उभं राहून वाजवला होता.

याच जातीचं एक जुनं प्रकरण ओझीच्या स्वतःच्या घरातलं आहे आणि ओझीच्या जाण्यानंतरच्या श्रद्धांजल्यांमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच दिसला. त्याच्या पहिल्या दोन एकल अल्बमांवर, ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’वर, बॉब डेझलीचा बेस आणि ली कर्स्लेकचे ड्रम होते. दोघांनी मानधनावरून दावा लावला. २००२मध्ये हे अल्बम नव्याने बाजारात आले तेव्हा या दोघांचं वादन पुसून त्या जागी रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून नवं वाजवून घेतलेलं होतं. त्या अल्बमांवरचा गिटारवादक रँडी ऱ्होड्स १९८२च्या विमान अपघातात गेलेला. त्याची गिटार तशीच ठेवली, पण ज्यांच्या अंगावर रेलून तो वाजला होता ती माणसं काढून घेतली. ट्रुहियो उत्तम वादक आहे. तरी ती सीडी ऐकताना पायऱ्यांचा अंदाज चुकल्यासारखं होतं. २०११ साली मूळ वादन परत आणलं गेलं. मेटलमध्ये बदलीची जितकी प्रकरणं मला माहीत आहेत त्यांत सर्वांत ओंगळ मला हेच वाटतं, कारण इथे माणूस नुसता हलवलेला नाही, तो कधी तिथे होता हेच मिटवलेलं आहे.

सर्वांत अवघड प्रकरण पँटेराचं. गिटारवादक डाइमबॅग डॅरेलला ८ डिसेंबर २००४ला कोलंबसमध्ये मंचावरच गोळ्या घातल्या गेल्या. त्याचा भाऊ, ड्रमर व्हिनी पॉल, गायक फिल अन्सेल्मोबरोबर पुन्हा उभं राहायला मरेपर्यंत नाही म्हणत राहिला. २०१८मध्ये तोही गेला. २०२२च्या अखेरीस पँटेरा परत आलं: अन्सेल्मो, बेसवर रेक्स ब्राउन, गिटारवर झॅक वाइल्ड, ड्रमवर अँथ्रॅक्सचा चार्ली बेनान्टे. वारसांची संमती घेतली होती. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या दोन महोत्सवांनी त्यांना वगळलं ते वेगळ्या कारणाने. २०१६मध्ये, डाइमबॅगच्याच स्मृतीच्या कार्यक्रमात, अन्सेल्मोने नाझी पद्धतीने हात उंचावून गोऱ्यांच्या सत्तेची आरोळी ठोकली होती. नंतर त्याने माफी मागितली, पण जर्मनीला ती पुरेशी वाटली नाही, आणि मला जर्मनीचं पटतं. पण त्याही आधीचा प्रश्न उरतोच. वाइल्ड डाइमबॅगचा जवळचा मित्र. तो मंचावर दिसतो, कुणापासून काही लपवलेलं नाही. माझा पहिला प्रश्न इथे सुटतो, दुसरा अडतो. भावांपैकी थोरल्याचं उत्तर जाहीर होतं आणि ते ‘नाही’ होतं. त्याच्या मृत्यूने ते बदललं असं मानायला मी तयार नाही, वारसांनी कितीही कागद दिले तरी.

वाइल्ड, बेनान्टे आणि मंडळी उद्या मुंबईला आली तर मी जाईन. ‘वॉक’ची रिफ सुरू झाली की या वयातही मान हलेल, दुसऱ्या दिवशी दुखेल. वाइल्डला दादही देईन, मित्राची गाणी मित्राने वाजवावीत यात वाईट काय आहे? फक्त बाहेरच्या टेबलावर ‘पँटेरा’ छापलेला टीशर्ट असेल तो घेणार नाही. त्यावर चौघांची नावं घालून, ‘पँटेराची गाणी’ असं छापून आणलं असतं तर दोन घेतले असते.