परण्यातला ट्रम्पेट

औशाचा किल्ला खोलगट जागेत आहे. लांबून येणाऱ्याला तो सहजी दिसत नाही, तटावर उभं राहणाऱ्याला मात्र चौफेर मुलूख दिसतो. मे महिन्यातल्या एका उतरत्या दुपारी त्या तटावर होतो. त्याआधी बराच वेळ किल्ल्याच्या मधोमध असलेल्या दालनात बसून काढला होता. वर हौद, खाली दालन. हौदाचा तळ तेच दालनाचं छत. मराठवाड्याचा उन्हाळा ओळखून बांधलेली इतकी शहाणी जागा मी दुसरी पाहिली नाही.

तटावर आलो तर गावातून बँड ऐकू आला. कुणाचा तरी परण्या, म्हणजे मारुतीच्या देवळाकडे जाणारी नवरदेवाची मिरवणूक, निघाला होता. ताशा कडकडत होता, साईड ड्रम त्याला पकडून चालला होता आणि त्या सगळ्यावरून एक ट्रम्पेट उसळत होता. गाणं ‘अलबेला’मधलं, ‘शोला जो भडके’. नवरदेवाच्या आजोबांनाच ते आठवावं इतकं जुनं. आज कुणी फर्माईश केली असेल?

या गाण्याच्या मागे एक गोव्याचा माणूस उभा आहे. आल्दोनाचा अँटोनियो झेवियर वाझ. जग त्याला चिक चॉकलेट म्हणायचं. लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट त्याने इतका आपलासा केला होता की मुंबईत तो हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणूनच ओळखला जाई. त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती पोरं पोटासाठी मुंबईला येत, संध्याकाळी हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. ताजमध्ये साहेबांना नाचवणारा चिक तिथूनच पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या स्टुडिओत पोचला. रामचंद्रांचा कान अभंग-लावणीवर पोसलेला, चिकचा स्विंगवर. 1951 साली ‘अलबेला’ आला आणि गिरणगावापासून खेड्यापाड्यापर्यंत लोक त्यातल्या भगवानदादांसारखे हात हलवून नाचू लागले. चिक आणि त्याचे साथीदार त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात. 1967 मध्ये तो गेला, जेमतेम पन्नाशीत. त्याचं नाव बँडवाल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? पण त्याच्या सुरांचे तुकडे त्यांच्या बोटांत आहेत. रेडिओवरून, टुरिंग टॉकीजमधून, उस्तादाच्या तोंडून कानोकान आलेले. नोटेशन मागेच राहिलं, वळण तेवढं पोचलं.

आणि बँडवाला ते गाणं जसंच्या तसं कुठे वाजवतो? मारुतीच्या देवळापर्यंत रस्ता किती उरलाय, नाचणाऱ्या पोरांना रग किती आहे, घोडा बिचकलाय का, हे बघत तो मुखड्यावरच घोटाळत राहतो, एखादी तान लांबवतो, मध्येच दुसऱ्या गाण्याचं बोट धरून परत येतो. ख्यालात याला उपज म्हणतात. जॅझवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात तेही हेच. न्यू ऑर्लिन्सला जॅझ रांगू लागलं तेच मुळी रस्त्यावरच्या मिरवणुकीच्या बँडांतून. बंद सभागृहात ते फार उशिरा बसलं.

औशाच्या किल्ल्यासारख्या जुन्या वास्तूंत संगीत व्हावं असं मला मनापासून वाटतं. वेरूळला कैलास लेण्याच्या पुढ्यात सुरू झालेला महोत्सव पुढे सोनेरी महालाच्या आवारात आला. दगडाची काळजी म्हणून ते योग्यच झालं. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या मॉन्तेच्या कपेलात ऊन कलताना ख्याल आणि पाश्चात्त्य संगीत एकाच महोत्सवात होतात. मुंबईच्या रंगभवनात 1978 साली निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा भरवली, तिथे उघड्या आभाळाखाली सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. अशा जागी गाणं वेगळंच उमटतं. भिंती सुराला थोडा वेळ धरून ठेवतात. म्हणून भिंतीएवढे स्पीकर मला तिथे सोसत नाहीत. डीजेने तर बँडवाल्यांच्या सुपाऱ्याच खाल्ल्या. फुंकून वाजणाऱ्या वाद्याला दमाची मर्यादा असते, आणि त्या मर्यादेतच त्याची माया आहे.

औशाच्या किल्ल्यात कधी उन्हाळी महोत्सव झालाच, तर तो रात्री व्हावा, दगड निवल्यावर. ख्याल गाणारे, सॅक्सोफोन वाजवणारे मोठे कलाकार जरूर यावेत. पण पहिली सुपारी इथल्या बँडला द्यावी, पूर्ण बिदागीची, आणि त्यांना मंचावर बसवू नये, चालतच वाजवू द्यावं. औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटेल. टाळ-मृदंगावर भजनकरी फेर धरतात आणि पाय फिरू लागले की अभंगाला वेगळाच जोर चढतो. पंढरपुरात विठ्ठलापुढेही हे गाव असंच, चालत्या पायांनी गातं.