गोरखचिंचेचे गाव

बासी ईदला राणीच्या बागेत जाणे हा मुंबईच्या मोहल्ल्यांचा जुना रिवाज आहे. मदनपुरा, नागपाडा, भायखळा, तिकडे कुर्ला आणि मुंब्रा, कुठून कुठून माणसे येतात. नवे कपडे घातलेली मुले, डब्यात उरलेला शीरखुर्मा आणि फाटकावर लांब रांग. पूर्वी हत्ती पाहायला गर्दी व्हायची, २०१७ पासून ती पेंग्विनसाठी होते. झाडांकडे सहसा कोणी पाहत नाही. खरे तर ही मुळात झाडांचीच बाग. १८६२ साली ती व्हिक्टोरिया गार्डन म्हणून सुरू झाली, आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. प्राणी नंतर आले.

२०२५ च्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरचे ठरवूनच झाडांसाठी गेलो. सहावीतल्या मुलीला वहीत दहा झाडांची माहिती लिहायची होती. पण आमच्या मनात आणखीही एक गोष्ट घोळत होती. काही दिवसांपूर्वी तिला वर्गात कुणी तरी विचारले होते, "तू मराठी इतकं छान कसं बोलतेस? तुम्ही मूळचे कुठले?" रत्नागिरीकडचे, असे तिने सांगितले. "पण त्याच्या आधीचे?" हा पुढचा प्रश्न ती घरी घेऊन आली होती. आमच्या ओळखीचाच होता तो. आमच्या पिढीलाही तो चुकला नव्हता.

बागेत कैलासपती फुललेला होता. खोडालाच लगडलेली ती गुलाबी फुले, आत शिवलिंगासारखा गाभा आणि वर नागाच्या फण्यासारखी झालर. पोरीने वहीत नाव लिहिले आणि मूळस्थान लिहिले दक्षिण अमेरिका. उर्वशी ब्रह्मदेशातली निघाली, गुलमोहर मादागास्करचा. मग आम्ही गोरखचिंचेपाशी आलो. एप्रिलच्या उन्हात झाडावर एक पान नव्हते. हत्तीच्या कातडीसारखे राखाडी, जाडजूड खोड तेवढे उभे होते. या खोडात ते पाणी साठवून ठेवते. त्याची पांढरी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांचे परागीभवन करतात. झाड मूळचे आफ्रिकेचे. अरब व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आले असे मानतात. 'बाओबाब' हे नावही अरबी 'बू हिबाब', म्हणजे पुष्कळ बियांचा बाप, यावरून आल्याचे सांगतात. मराठी माणसाने मात्र त्याला गोरखनाथांचे नाव दिले आणि घरचे करून टाकले.

"म्हणजे हे आपल्यासारखंच," मुलगी म्हणाली. "बाहेरून आलेलं, पण आता इथलं."

उपमा गोड होती, तरी आम्ही तिला थांबवले. "नाही बेटा, आपण बाहेरचे नाही." कोकणातल्या आपल्या एखाद्या घराण्यात कधी काळी कुणी अरब खलाशी आला असेलही. पण त्याच्या बाजूला इथल्याच मातीतल्या किती आज्या-पणज्या उभ्या आहेत! आपण बोलतो ती भाषा त्यांची आहे. देशावरचे, मराठवाड्यातले, विदर्भातले आपले लोक पाहिले तर बहुतेक इथलेच शेतकरी, विणकर, कारागीर. "आम्ही बाहेरचे, पण चांगले" असे उत्तर देणे म्हणजे विचारणाऱ्याचा प्रश्नच मान्य करणे. आणि बाहेरून आलेल्याचाही हक्क कमी असतो, असे थोडेच आहे? चिंचेचेच पाहा. ती मूळची आफ्रिकेची, पण अरबांनी तिला नाव दिले 'तमर हिंदी', हिंदचा खजूर. आमटीत चिंच घालताना तिचे मूळ गाव कोणी विचारत नाही.

या बागेने आपलेपणाची दुसरी एक खूणही दाखवली आहे. २००७ साली महापालिकेने प्राणिसंग्रहालयाच्या कायापालटाचा मोठा आराखडा पुढे आणला. त्यात जुनी झाडे जातील या भीतीने काही महिला एकत्र आल्या. त्यांनी बाग पायी पालथी घातली, झाडे मोजली, नावे लावली. ३,००० हून अधिक झाडे आणि २८० हून अधिक जाती त्यांच्या नोंदीत आल्या. लोकांचा विरोध उभा राहिला आणि मूळ आराखडा बदलावा लागला. त्यांनी कोणत्याही झाडाला 'तू देशी की परदेशी' असे विचारून वाचवले नाही. जे इथे उभे आहे, सावली देते, ते आपले, एवढाच त्यांचा हिशेब होता.

आपल्या मोहल्ल्यांना खेटून एवढी हिरवळ उभी आहे आणि आपल्याला तिच्यातल्या दहा झाडांची नावे येत नाहीत. झाड लावणे हा सदका आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. लावलेले सांभाळणे, त्याच्या बुंध्याशी प्लास्टिकच्या पिशव्या न टाकणे, हेही त्यातच येते. ईदला मुलांना पेंग्विन जरूर दाखवा. पण येताना एखाद्या झाडापाशी थांबा, त्याचे नाव मोठ्याने वाचायला सांगा. ज्याला आपल्या गल्लीच्या झाडांची नावे ठाऊक आहेत, त्याला "तू कुठला?" या प्रश्नाची भीती वाटत नाही.